कर्नल अपडेटनंतर मशीन हँग होतंय? आधी ते ‘कधी’ होतं ते पकडा

लिनक्सचा कुठलाही अवतार घ्या, उबंटू असो, मिंट असो की फेडोरा, तक्रार एकाच साच्यातली असते. अपडेटमध्ये नवं कर्नल (सिस्टिमचा गाभा, जो हार्डवेअर सांभाळतो) आलं, मशीन रीस्टार्ट झालं, तासभर सगळं सुरळीत चाललं आणि मग स्क्रीन जागच्या जागी थिजली. माऊस हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ तिथेच अडकलंय, गाणं लागलं असेल तर त्याचा एकच तुकडा घरघरत राहिलाय. पॉवरचं बटण दाबून धरायचं, पुन्हा चालू करायचं. दुपारी परत तेच.

मग शोधाशोध सुरू होते आणि ग्रबमध्ये (मशीन चालू होताना कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) टाकायच्या जादूच्या ओळी सापडतात. कुणी सांगतं ही टाक, कुणी सांगतं ती टाक, आणि लोक पाच-सहा ओळी एकदमच टाकून मोकळे होतात. कधीकधी हँग होणं थांबतंही. पण नेमकं कशाने थांबलं ते कळत नाही. बॅटरी आधीपेक्षा लवकर संपायला लागते, पंखा उगाच फिरत राहतो आणि त्या ओळी पुढची कित्येक वर्षं तशाच पडून राहतात. रोग रेड्याला, औषध पखालीला.

कर्नल बदलल्यावर जी मशिन्स अशी अधूनमधून थिजतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं मूळ वीज वाचवण्याच्या सोयींत निघतं. नवं कर्नल प्रोसेसरला, एसएसडीला, स्क्रीनला किंवा वायफायला पूर्वीपेक्षा जास्त गाढ झोपवतं आणि तो भाग वेळेवर उठत नाही. नक्की कोण उठलं नाही, हे मशीन थिजण्याच्या वेळेवरून बरंचसं कळतं. म्हणून ओळी टाकण्याआधी एका कागदावर लिहायला लागा: हँग झालं तेव्हा काय चालू होतं, चार्जर लावलेला होता का, मशीन नुसतं पडून होतं की कामात होतं, वायफायवर होतं की केबलवर.

(कमांड आणि पॅरामीटर खाली उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टर्मिनलमध्ये टाकताना ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायचे.)

मशीन खरंच मेलंय का?

‘हँग झालं’ या दोन शब्दांत चार वेगवेगळे प्रकार लपलेले असतात, आणि त्यातला एक तर कर्नलशी संबंधितच नसतो. पॉवर बटणाकडे हात जाण्याआधी अर्धा मिनिट थांबा.

कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो? म्हणजे कर्नल जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन मिळतं का ते बघा. मिळालं तर दोष डेस्कटॉपचा किंवा ग्राफिक्सचा. दिवा ढिम्म हलत नसेल तर प्रकरण खोल आहे. आणि लॅपटॉपचा कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल तर ते कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने स्वतःहून हात वर केलेत. ही त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण पॅनिक जाताना काहीतरी लिहून ठेवण्याची शक्यता असते.

घरात दुसरं मशीन असेल, किंवा अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अॅप असेल, तर एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरून बघा. त्यासाठी थिजणाऱ्या मशीनवर एसएसएच सर्व्हर आधी घालून ठेवावा लागतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण या सगळ्या खटाटोपात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. स्क्रीन थिजलेली आणि एसएसएच मात्र चालू, असं दिसलं की संशय थेट ग्राफिक्सवर.

माऊस धक्के खात हलतोय, डिस्कचा दिवा सतत पेटलेला आहे आणि पाच-दहा मिनिटांनी मशीन आपोआप भानावर येतं, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. रॅम भरलीय आणि स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या जोड-रॅममध्ये, दळण चाललंय. ४ जीबी रॅमवर ब्राउझरच्या तीस टॅब उघडल्या की कुठलंही कर्नल हेच करणार. ‘अर्लीओओएम’ (रॅम संपत आली की जड प्रोग्रॅम बंद करणारी सोय) घाला, किंवा तेच काम करणारं सिस्टमडी-ओओएमडी चालू आहे का ते बघा. अपडेट त्याच दिवशी आलं हा योगायोग.

आता सिसआरक्यू, म्हणजे थेट कर्नललाच हुकूम देणारी बटणं. ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन दाबून धरायचं आणि एकेक अक्षर दाबायचं: एस, मग यू, मग बी. एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून घेतं, यू फाइल सिस्टिम फक्त-वाचनावर आणतं, बी मशीन रीबूट करतं. पुस्तकात हा मंत्र सहा अक्षरांचा असतो, पण उबंटूत मुळात ठेवलेला आकडा १७६, म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८, आणि त्यात हीच तीन अक्षरं बसतात. फेडोरात तो आकडा १६ असतो, त्यात फक्त एस चालतं. /प्रॉक/सिस/कर्नल/सिसआरक्यू या फाइलमध्ये तुमचा आकडा दिसेल. निदान होईपर्यंत तो १ करून ठेवला तर सगळी अक्षरं चालतील. काही लॅपटॉपवर प्रिंट-स्क्रीनसाठी एफएन बटणही लागतं, तेव्हा धडधाकट मशीनवर एकदा सराव करून घ्या.

यातून फाइल सिस्टिम वाचते हे तर आहेच, शिवाय निदानही होतं. बी दाबल्यावर मशीन रीबूट झालं तर कर्नल शेवटपर्यंत कीबोर्ड ऐकत होतं. नाही झालं तर प्रोसेसर किंवा एखादी बस अशी अडकली होती की कर्नललाच शुद्ध नव्हती. हे कागदावर लिहा.

जुन्या कर्नलवर जाऊन बघा

कर्नलवर आरोप करण्याआधी तो सिद्ध करावा लागतो. मशीन चालू होताना ग्रबचा मेनू आणा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं, नव्या यूईएफआयच्या मशीनवर एस्केप एकदा टिचकी मारल्यासारखं दाबायचं. सारखं सारखं दाबलं तर मेनूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट समोर येतो. मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नल असतं. ते निवडा, आत गेल्यावर ‘युनेम -आर’ने खात्री करा आणि रोजच्यासारखं काम करा.

किती वेळ? मशीन दिवसातून दोनदा थिजत असेल तर जुन्या कर्नलवर एक दिवस नीट गेला याला काही अर्थ नाही. नेहमीच्या अंतराच्या चार-पाच पट वेळ द्या. घाई सगळ्यात जास्त इथेच नडते.

जुन्यावरही थिजलं तर? लगेच कर्नलला निर्दोष सोडू नका. त्याच अपडेटमध्ये आणखी काय काय आलं ते बघा. उबंटू-मिंटवर /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग, फेडोरावर ‘डीएनएफ हिस्टरी’, आर्चवर /व्हार/लॉग/पॅकमन.लॉग. बऱ्याचदा कर्नलबरोबर लिनक्स-फर्मवेअर (चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर), मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) आणि प्रोसेसरचा मायक्रोकोडही (त्याच्या आतल्या सूचना) येतो. फर्मवेअरची ही पॅकेजं दोन्ही कर्नलना सामायिक असतात. म्हणजे तुम्ही जुनं कर्नल चालवताय, पण ग्राफिक्स कार्डात आणि वायफायच्या चिपमध्ये भरलं जातंय ते नवंच फर्मवेअर. हे लक्षात न घेता ‘जुन्यावरही होतंय, म्हणजे हार्डवेअर गेलं’ असं म्हणून लोकांनी मदरबोर्ड बदललेत.

कर्नलचा आकडाही वाचा. मधला आकडा तोच राहून शेवटचा थोडा सरकला असेल, तर फरक छोट्या दुरुस्त्यांचा आहे आणि एखाददुसऱ्या बदलावर बोट ठेवता येईल. मधलाच आकडा बदलला असेल तर गोष्ट वेगळी. उबंटू २२.०४ मुळात ५.१५ कर्नलवर आलं. एचडब्ल्यूई, म्हणजे अधूनमधून नवं कर्नल देणाऱ्या मार्गावरची तीच मशिन्स २०२४ साली ६.५ वरून ६.८ वर गेली. वापरणाऱ्याला ते नेहमीसारखं अपडेट वाटलं, प्रत्यक्षात कर्नलच्या दोन आवृत्त्या मध्ये गळल्या होत्या. अशा वेळी एचडब्ल्यूई सोडून मूळ ५.१५ च्या मार्गावर परत जाणं हा पूर्णपणे सभ्य उपाय आहे. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतच राहतात, तुम्ही काही मागासलेले ठरत नाही.

जुनं कर्नल नीट चालतंय हे कळलं की ते जपा. फेडोरा मुळात तीनच कर्नल ठेवतं, चौथं आलं की सगळ्यात जुनं जातं. उबंटूवर नको असलेली पॅकेजं काढणारं ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ सवयीने चालवणाऱ्यांनी आता हात आवरावा. पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखून धरणारं ‘एपीटी-मार्क होल्ड’ लावताना त्या विशिष्ट कर्नलच्या पॅकेजला तर लावाच, शिवाय लिनक्स-जेनेरिक किंवा लिनक्स-इमेज-जेनेरिक या मेटापॅकेजलाही लावा, नाहीतर ते पुढचं कर्नल ओढून आणणारच. आर्चवर पॅकेज एकच कर्नल ठेवतं, त्यामुळे तिथे लिनक्स-एलटीएस (दीर्घकाळ सांभाळलं जाणारं कर्नल) शेजारी घालून ठेवणं शहाणपणाचं, आणि ते गळ्याशी येण्याआधी.

लॉगमध्ये काही नसेल तर

थिजलेलं मशीन पुन्हा चालू केल्यावर पहिली कमांड: ‘जर्नलसीटीएल -के -बी -१ -ई’. म्हणजे मागच्या बूटमधले कर्नलचे संदेश, थेट शेवटाला. ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’मध्ये एकच बूट दिसत असेल तर लॉग रॅममध्येच राहतायत, /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर बनवा आणि रीस्टार्ट करा.

बहुतेकांची इथे निराशा होते. शेवटची ओळ ब्लूटूथ हेडफोन जोडल्याची, त्यापुढे शांतता. याचं एक कारण जर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीच्या, कामाच्या पद्धतीतच आहे. साधे संदेश ते दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्के करतं. फक्त अतिगंभीर पातळीचे संदेश ताबडतोब. मशीन मधेच गेलं तर शेवटची काही मिनिटं रॅमबरोबर गेली. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये ‘सिंकइंटरव्हलसेक’ काही सेकंदांवर आणलं तर जरा बरं, पण डिस्कच गायब झाली असेल तर त्याचाही उपयोग नाही.

अशा वेळी संदेश मशीनच्या बाहेर काढावे लागतात. सगळ्यात सोपी युक्ती: दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून तिथे ‘डीमेसग -डब्ल्यू’ (कर्नलचे संदेश येतील तसे दाखवणारी कमांड) चालू ठेवायचं आणि विसरून जायचं. मशीन मरतं तेव्हा शेवटच्या ओळी दुसऱ्या स्क्रीनवर राहतात. हेही पुरलं नाही तर नेटकन्सोल. ते कर्नलचे संदेश यूडीपीने थेट नेटवर्कवर फेकतं. त्याला केबल लागते, वायफायवर सहसा चालत नाही. पॅनिक झालं असेल तर /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोर या फोल्डरमध्येही डोकावा. यूईएफआयच्या मेमरीत कर्नल आपलं शेवटचं बोलणं कोंबतं आणि पुढच्या बूटला सिस्टमडी ते तिथे आणून ठेवतं.

ओळखीच्या एका अभ्यासिकेतल्या डेस्कटॉपचं उदाहरण सांगतो. मुलं वापरत असताना मशीन ठीक, जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र थिजलेलं. माऊस हलायचा, खिडक्या सरकायच्या, पण नवीन काहीही उघडायचं नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएस’ चालायचं आणि दुसरी कुठलीही कमांड दिली की ‘इनपुट/आउटपुट एरर’. जर्नलमध्ये अक्षरही नाही. शेजारच्या पीसीवर ‘डीमेसग -डब्ल्यू’ लावून ठेवल्यावर ओळ सापडली: एनव्हीएमई कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट, आणि पुढे सीएसटीएस नावाच्या रजिस्टरची किंमत, सगळी एफ अक्षरं. रजिस्टर वाचायला गेलं की सगळी एफ येणं म्हणजे समोर कुणी उत्तरच देत नाही. एसएसडी बसवरून नाहीशी झालेली. डिस्कच नसेल तर लॉग लिहिणार कुठे? रॅममध्ये आधीपासून असलेल्या कमांड तेवढ्या चालत होत्या. आणि त्या ओळीच्या खालीच कर्नलने विचारलं होतं की तुमच्या उपकरणाची वीज वाचवण्याची सोय सदोष आहे का, आणि कुठला पॅरामीटर लावून बघायचा तेही सांगितलं होतं. औषधाची चिठ्ठी रोज छापली जात होती, फक्त वाचायला जागा नव्हती.

कधी थिजतं?

*मशीन नुसतं पडून असताना.* संशयित दोन: प्रोसेसरची झोप आणि एसएसडीची झोप. काम नसलं की प्रोसेसर सी-स्टेट नावाच्या पायऱ्या उतरतो; सी१ म्हणजे डुलकी, सी६ म्हणजे गाढ. इंटेलच्या बे ट्रेल पिढीची चिप असलेल्या स्वस्त लॅपटॉप आणि मिनी-पीसींचा किस्सा प्रसिद्ध आहे. सेलेरॉन जे१९०० किंवा एन२८४०, अॅटम झेड३७३५एफ ही त्यातली नावं. ही मशिन्स गाढ सी-स्टेटमधून उठताना थिजायची आणि कर्नलच्या बगझिलावर १०९०५१ क्रमांकाची तक्रार वर्षानुवर्षं वाहत राहिली. तिथला घरगुती उपाय: ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’. प्रोसेसर डुलकीपलीकडे जात नाही, मशीन थिजत नाही, बॅटरी मात्र खाते. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझनवरही असंच, रिकाम्या वेळेत मरायचं. तिथे आधी बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधा आणि ते ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवा. हा पर्याय असेल तर कर्नलच्या ओळींना हातही लावायला नको.

एसएसडीचं वर आलंच. एनव्हीएमई डिस्कला आपणहून झोपू देणारी एपीएसटी ही सोय कर्नलमध्ये ४.११ पासून, २०१७ साली आली, आणि काही डिस्कना ती मानवत नाही. ‘एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ लावलं की ती बंद होते. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच्या जोडीला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’, म्हणजे पीसीआयई बसचीच झोप बंद. पण त्याआधी एसएसडीचं फर्मवेअर अपडेट आहे का ते ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ने तपासा आणि ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची तब्येतही. मरायला टेकलेली डिस्कही हेच नाटक करते.

*स्क्रीनवर काही हलत नसताना, किंवा वाचता वाचता.* पीएसआर बघा. चित्र बदलत नसेल तर पॅनेल स्वतःच्या मेमरीतूनच ते दाखवत राहतं आणि ग्राफिक्स झोपतं. इंटेलवर ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’, एएमडीवर ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’. याची खूण अशी: थिजण्याआधी काही दिवस स्क्रीन मधेच फडफडलेली असते, किंवा टाइप केलेलं अक्षर क्षणभर उशिरा उमटतं. एसएसएच बहुतेक वेळा चालू राहतं.

*व्हिडिओ किंवा गेम चालू असताना.* लॉगमध्ये ‘रिंग’ आणि ‘टाइमआउट’ हे शब्द एएमडीजीपीयूच्या ओळीत, किंवा आय९१५ च्या ओळीत ‘जीपीयू हँग’. इथे दोष कर्नलचा, मेसाचा की फर्मवेअरचा, तिन्ही शक्य. ब्राउझरचं हार्डवेअर अॅक्सिलरेशन एक दिवस बंद ठेवून बघा. कुणी ‘नोमोडसेट’ लावायला सांगेल. ते निदानासाठी ठीक, पण उपाय म्हणून ठेवू नका. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बाजूला होतो आणि सगळं चित्र प्रोसेसर काढत बसतो.

*वायफायवर असताना.* रिअलटेकच्या स्वस्त कार्डांत, विशेषतः ८८२१सीई मध्ये, हा संशय आधी घ्यावा. एक दिवस वायफाय बंद ठेवून फोनचं यूएसबी टेदरिंग वापरा. याहून सोपी चाचणी नाही. थिजणं थांबलं तर मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल बनवून ‘आरटीडब्ल्यू८८_पीसीआय’ला ‘डिसेबल_एएसपीएम=१’ द्या. यामुळे फक्त त्या कार्डाची झोप मोडते, अख्ख्या मशीनची नाही.

*झाकण उघडल्यावर.* सस्पेंड हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इतकंच बघा की /सिस/पॉवर/मेम_स्लीप मध्ये कंसात ‘डीप’ आहे की ‘एस२आयडल’, आणि दोन्ही उपलब्ध असतील तर दुसरं लावून बघा.

*एनव्हिडियावाल्यांचं* बहुतेकदा वेगळंच असतं. मशीन थिजत नाही, काळ्या पडद्यावर अडकतं, कारण नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलंच गेलं नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा; यादीत नव्या कर्नलचा आकडा नसेल तर त्याच्या हेडर फाइलींचं पॅकेज घाला आणि मॉड्यूल पुन्हा बांधा.

*भर कामात, प्रोसेसर तापलेला असताना.* इथे मी कर्नलला सगळ्यात शेवटी धरतो. धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, रॅम, पॉवर सप्लाय. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर पुढचं वाचायची गरज नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे कंपनीनेच २०२४ मध्ये मान्य केलं आणि बायोसमधून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या. असा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट करा, पण डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून. बायोस अर्ध्यावर असताना वीज गेली तर थिजणारं मशीनही बरं होतं असं वाटायला लागेल.

ओळ लावायची रीत

संशयित ठरला की एकच ओळ, आणि तीही आधी तात्पुरती. ग्रबच्या मेनूत कर्नलवर थांबून ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून पॅरामीटर लिहा, एफ१० दाबा. हे फक्त त्या एका बूटपुरतं. आत गेल्यावर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ करून ओळ खरंच लागली का ते बघा. पॅरामीटरच्या नावात एखादं अक्षर चुकलं तर कर्नल अडून बसत नाही, फार तर लॉगमध्ये एखादी ओळ टाकून दुर्लक्ष करतं, आणि आपण ‘हाही उपाय चालला नाही’ म्हणून पुढे जातो.

गुण आला तरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये कायमची लिहा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरावर ‘ग्रबी’ वापरा. त्याच फाइलमध्ये वरच्या ओळीत टिप्पणी म्हणून तारीख, कर्नलचा आकडा आणि कारण लिहून ठेवा. वर्षभराने ती ओळ का आहे हे दुसरं कुणी सांगणार नाही.

कर्नलच खराब असेल तर

तेही घडतं, आणि तेव्हा आपल्या मशीनला दोष देत बसण्यात अर्थ नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ येता येता थांबवावं लागलं, कारण ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब होऊ शकत होता. १० डिसेंबरला थेट १२.४ आलं. त्याआधी २०२२ मध्ये ५.१९.१२ ने इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपची स्क्रीन अशी फडफडायला लागली की पॅनेलला इजा होऊ शकते असा इशारा इंटेलच्याच विकसकाला द्यावा लागला. ५.१९.१३ मध्ये तो बदल मागे घेतला गेला. दोन्ही वेळा योग्य उपाय एकच होता: आधीच्या कर्नलवर जा आणि पुढच्याची वाट बघा. स्थिर शाखांवर साधारण दर आठवड्याला नवी आवृत्ती येते, फार थांबावं लागत नाही.

म्हणून जुनं नीट आणि नवं बिघडलेलं असं पक्कं झालं की त्याहून नवं कर्नलही चालवून बघा. उबंटूवर मेनलाइनचे, म्हणजे मूळ लिनक्सचे, तयार बांधलेले कर्नल मिळतात. ते उबंटूच्या सहीचे नसतात, त्यामुळे सिक्युअर बूट चालू असेल तर मशीन ते नाकारेल. चाचणीपुरतं सिक्युअर बूट बंद करावं लागेल. नव्यात दुरुस्त झालं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तक्रार नोंदवा, आधी आपल्या डिस्ट्रोकडे (उबंटू, फेडोरा, जे असेल ते). मेनलाइनवरही तेच होत असेल तर थेट कर्नलच्या रिग्रेशनच्या यादीवर. आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलमध्ये मोडता कामा नये, हा लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सचा नियम आहे, आणि ‘अमुकवर चालत होतं, तमुकवर थिजतं’ एवढं नेमकं सांगता आलं तर तक्रारीकडे लक्ष दिलं जातं. कागदावरच्या त्या नोंदी इथे कामी येतात. मशीनचं मॉडेल, बायोसची आवृत्ती, दोन्ही कर्नलचे आकडे, पूर्ण डीमेसग. एनव्हिडियासारखा बंद ड्रायव्हर लावलेला असेल तर तो काढून एकदा थिजवून दाखवा, नाहीतर ‘कर्नल टेंटेड (डागाळलेलं) आहे’ एवढंच उत्तर येईल.

हौस आणि वेळ असेल तर गिट बायसेक्ट, म्हणजे दोषी बदल हुडकून काढण्याची रीत. लागोपाठच्या दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात, दर वेळी निम्मे गाळत गेलं तर चौदाच्या आसपास कर्नल बांधून दोषी बदल सापडतो. थिजण्याच्या दोषांत एक गोम आहे. थिजलं म्हणजे ‘बॅड’, हे पक्कं. पण ‘गुड’ म्हणजे फक्त अजून थिजलं नाही. एका ठिकाणी घाईने ‘गुड’ म्हटलं की पुढचे सगळे दिवस वाया जातात आणि शेवटी बोट भलत्याच माणसाच्या कामाकडे जातं. ‘गुड’ म्हणण्याआधी पुरेसा वेळ द्या, ‘बॅड’ला एक झटका पुरे.

दुरुस्ती असलेलं कर्नल आपल्या डिस्ट्रोत आलं की ‘एपीटी-मार्क अनहोल्ड’ करा, /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधली ती ओळ काढा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा, सिक्युअर बूट बंद केलं असेल तर परत चालू करा आणि सिसआरक्यूचा आकडा पूर्ववत करा. जुनं कर्नल मात्र आणखी काही आठवडे राहू द्या.